रोझेलाच्या फळीवरची ब्लू हेरन

रोझेला हुडाककडे गेलं की कॉफी नंतर मिळते, आधी फळ्या बघाव्या लागतात. भिंतभर फळ्या आणि त्यांवर एकशे बारा रोलर कोस्टरची मॉडेलं, प्रत्येक तळहाताएवढं. तिचा नियम एकच, ज्यात आपण बसलो त्याचंच मॉडेल ठेवायचं. आमच्या कोस्टरवेड्यांच्या क्लबातल्या एकाने तिला न बसलेल्या कोस्टरचं मॉडेल वाढदिवसाला दिलं, तर बाईने केक कापायच्या आधी ते त्याच्या हातात परत ठेवलं.

आणि याच बाईचं पहिलं मॉडेल खोटं होतं. आमच्या गावच्या पार्कातली ब्लू हेरन, जुनी लाकडी कोस्टर, पाडणार अशी बातमी आली, त्या दिवशी तिने मला ते सांगितलं.

मॉडेल आईस्क्रीमच्या काड्यांचं, तिच्या वडिलांनी, स्टीव्हनी केलेलं. ते त्याच पार्कात सुतार होते. दर हिवाळ्यात हेरनच्या कुजलेल्या फळ्या तेच बदलायचे. नऊ वर्षांची रोझेला पहिल्यांदा एकटी रांगेत उभी राहिली. गाडी समोर आली आणि तिची पाचावर धारण बसली. घाबरलेल्यांसाठी तिथे बाजूला एक दार असतं, त्यातून ती सटकली, जिना उतरली आणि बाकावरच्या बापाला म्हणाली, "मस्त होतं, पप्पा." आठवड्याभरात मॉडेल हजर.

"मग नंतर बसायचं होतंस," मी म्हणालो.

"पहिल्यांदा बसलेल्याचं तोंड पप्पांना लांबून ओळखता येतं. म्हणून पाठ दुखते असं सांगत आले."

"एकशे अकरा कोस्टरमध्ये दुखली नाही, आणि हिच्यातच दुखते?"

"तू कॉफी पी, वॉल्ट."

स्टीव्ह ब्याण्णव वर्षांचे. माझी पोर नवव्या वर्षी हेरनमध्ये बसली, असं ते मॉडेल दाखवून गावभर सांगायचे. खरं कळलं तर त्यांना काय वाटेल, या एका भीतीने ती आयुष्यभर गप्प राहिली होती. मला तिची दया आली आणि थोडा रागही आला.

हेरन पाडायच्या आधीच्या शेवटच्या रविवारी आम्ही स्टीव्हची चाकाची खुर्ची त्याच बाकाशेजारी लावली, हातात व्हिनेगर घातलेल्या फ्राइजचा द्रोण दिला आणि वर गेलो. पुढच्या डब्यात बसलो. सुरक्षेची दांडी मांडीवर आली तशी रोझेलाने माझं मनगट धरलं. नखांचे वण तीन दिवस राहिले.

खाली आल्यावर ती थेट बापापुढे उभी राहिली. "पप्पा, मी आज पहिल्यांदा बसले. त्या दिवशी मी दारातून पळाले होते."

स्टीव्हनी एक फ्राय खाल्ली. "ठाऊक आहे. गाडीत कोण कोण आहे ते खालून दिसतं. तू नव्हतीस."

"मग मॉडेल कशाला केलंत?"

"नीट बघितलंस का कधी? सगळ्या डब्यांत बाहुल्या बसवल्यात, पण पुढच्या डब्यात एक जागा रिकामी आहे."

"तिथली बाहुली पडली, असं मी सगळ्यांना सांगते."

त्यांनी खिशातून खोकल्याच्या गोळ्यांची जुनी डबी काढली. आत तांदळाच्या दाण्याएवढी लाकडी मुलगी होती, लाल स्वेटरातली.

"पुढच्या रविवारी बसशील असं वाटलं होतं, म्हणून गावभर सांगूनही टाकलं," स्टीव्ह म्हणाले. "एकोणसाठ वर्षं लावलीस."

घरी रोझेला बाहुली चिकटवायला बसली, पण ती दोनदा चिमट्यातून निसटली. स्टीव्हनी चिमटा मागून घेतला, मुलीला जागेवर बसवलं आणि तिच्या मांडीवरची काडीची दांडी नखाने हळूच खाली केली.