कार्डावरची खूण

राग आधी मला माझाच येतो. किनवटकडच्या एका उपकेंद्रावर मी नर्स आहे. फ्रीजरमधून काढलेले आइसपॅक घाम फुटून आत पाणी हलेपर्यंत बाहेर ठेवायचे, मगच लसीच्या डब्यात घालायचे, हे मला झोपेतही पाठ. पण त्या बुधवारी आमचे सुपरवायझर साहेब बाहेर हॉर्न वाजवून राहिले होते. मी दगडासारखे पॅक तसेच कोंबले.

वस्तीवर बायका लेकरं घेऊन बसल्याच होत्या. आम्हाला एक घाण सवय लागली आहे. गर्दी दिसली की आधी सगळ्यांच्या कार्डांवर टोचल्याच्या खुणा करून मोकळं व्हायचं, सुया मागून. साहेबांना ते फार आवडतं. मीही केल्या.

सगळ्यात पुढं एक आई होती, मांडीवर तीन महिन्यांची लेक. तिचं आधीचं लेकरू डांग्या खोकल्यानं गेलं होतं, खोकता खोकता निळं पडून. सुईनं ताप येतो म्हणून सासूनं त्याला टोचू दिलं नव्हतं. ह्या खेपेला ती घरात भांडून आली होती.

डबा उघडला तर कुप्या गोठलेल्या. वितळल्यावर हलवून ठेवली एक, तर लगेच तळाशी साका बसला. डांग्या खोकल्याची ही लस एकदा गोठली की कामातून गेली. साहेब हळूच म्हणाले, "द्या टोचून. कुणाच्या बापाला कळतंय?"

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर त्यांना नाही नाही ते बोलले, आणि बायकांना पुढच्या बुधवारी या म्हणून सांगितलं. ती आई मला शिव्या घालत उठली, कार्ड घेऊन चालतीसुद्धा झाली. बाकीच्यांच्या खुणा मी खोडल्या, तिची तेवढी राहिली. तिच्यामागं पळायला काय झालं होतं मला? पण नाही, मी साहेबांशी भांडून शूर होत होते ना!

पुढच्या बुधवारी त्या आईच्या घराला कुलूप. लातूरजवळच्या मुरुडकडं ऊसतोडीला गेले म्हणे, फोनही बंद. तिकडं कळवा म्हणून मी साहेबांच्या मागं लागले, तर म्हणाले, आपला कागद पूर्ण आहे, उगी कशाला उकरून काढता. तो माणूस अजून त्याच खुर्चीत आहे. तिकडच्या नर्सचा नंबर मी स्वतः शोधला, त्यात महिना गेला. तोवर पोरगी लातूरच्या दवाखान्यात पोचली होती.

मी गेले तेव्हा तिच्या नाकात नळी होती. उबळ आली की तोंड काळंनिळं पडायचं. तिकडं गेल्यावर का नाही टोचून घेतलं, असं मीच वर तोंड करून विचारलं.

आईनं पदराच्या गाठीतून कार्ड काढलं अन् माझ्या हातात दिलं.

"नेलती की बाई. म्हणलं, न्हाई टोचलं हिला. तिथली नर्सबाई कार्ड बघून म्हणली, टोचलंय, महिन्यानं ये. तुमचं लिवलेलं खरं अन् माझं तोंड खोटं."