बत्तीस वायमासी

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण मातेलिता, आयुष्यात एकदाच मताई झाल्या, आणि त्याची त्यांना कायम लाज वाटली.

मताई म्हणजे घराण्याची पदवी मिळालेला प्रमुख. सवाई बेटावर काय नि साऱ्या सामोआत काय, तेव्हा मत द्यायचा हक्क फक्त मताईंना होता. बाकीच्यांनी मासे धरावेत, रांधावं, चटया विणाव्यात आणि गप्प बसावं. आत्याबाई नवरा गेल्यावर माहेरी परतल्या होत्या आणि चटया विणत होत्या. केवड्याच्या पात्यांची त्यांची बारीक चटई हातात घेतली तर लुगड्यासारखी मऊ लागायची. एकेका चटईला वर्ष जायचं.

अठ्ठ्याऐंशीच्या निवडणुकीआधी मामंजींच्या लक्षात आलं की आपल्या उमेदवाराला मतं कमी पडताहेत. मामंजींचं नाव फेरेती आणि पदवी वायमासी. ही पदवी त्यांनी एका सकाळी बत्तीस जणांना खिरापतीसारखी वाटली. त्यात आत्याबाईही होत्या. रिवाजाप्रमाणे प्रत्येक नव्या मताईने पाहुण्यांना एक चटई द्यायची असते. आमच्याकडे होत्या चार. मग समोरून दिलेली चटई मागच्या बाजूने परत आणायची आणि पुढच्या माणसाच्या हातात द्यायची, हे काम माझ्याकडे आलं. सून ना मी. आत्याबाईंनी अकरा महिने खपून विणलेली चटई त्यांच्याच डोळ्यांसमोरून सातव्यांदा गेली तेव्हा त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मतदानाच्या दिवशी यादीवरच्या कारकुनाने 'वायमासी' अशी हाक मारली आणि मामंजी धरून तेहेतीस माणसं उठून उभी राहिली. अख्खं गाव हसलं. आत्याबाई छत्री उघडून घरी निघून आल्या. उमेदवार पडलाच. पुढे कुणीतरी हरकत घेतली आणि त्या पदव्या रद्दही झाल्या.

दोन वर्षांनी सरकारने विचारलं की एकवीस वर्षांवरच्या सगळ्यांना मताचा हक्क द्यावा का, हो की नाही ते सगळ्यांनीच येऊन सांगा. गावच्या मताईंची बैठक बसली आणि ठरलं, नाही. ज्याच्या घरचं माणूस याविरुद्ध जाईल त्याची बैठकीतली जागा जाईल, असंही ठरलं. मामंजींना ती जागा जिवापलीकडे होती. वडिलांच्या मागे एकोणतीस वर्षं ते त्याच खांबाला टेकून बसत आले होते.

थोरल्या बहिणीला हुकूम करायची आमच्यात सोय नाही. मामंजी आत्याबाईंसमोर मांडी घालून बसले.

"अक्का, त्या दिवशी तू घरीच थांब. गावाने नाही म्हणायचं ठरवलंय."

"गाव म्हणजे कोण रे? तुम्ही एकोणीसजण?"

"तुला मताई केलं तेव्हा तर मत न देताच उठून आलीस. आताच कसला पुळका आलाय?"

"तेव्हा तुला माझं मत नको होतं, फेरेती. मोजायला डोकं हवं होतं. आता मला मातेलिता म्हणून विचारताहेत. मी जाणार."

मामंजी न जेवता उठले. पुढचे तीन आठवडे भाऊबहीण एकमेकांशी बोलले नाहीत. आत्याबाई वरून ताठ होत्या, पण आतून झुरत होत्या. भावाची जागा आपल्यामुळे जाणार हे त्यांना खात होतं. दोनदा मला म्हणाल्या की राहू दे, नाही जात. आणि दोन्ही वेळा सकाळी उठून आपला पांढरा झगा धुऊन वाळत टाकला.

मतदान शाळेत होतं. त्या दिवशी मी त्यांच्या मागे चालत होते. शाळेची वाट बैठकीच्या घरावरूनच जाते, आणि आमच्या घरांना भिंती नसतात, त्यामुळे एकोणीसच्या एकोणीसजण आम्हाला बघत होते. मताई बसलेले असताना समोरून छत्री उघडी ठेवून जाणं म्हणजे उर्मटपणा. आत्याबाईंनी छत्री मिटली, मान लववली, रणरणत्या उन्हात सावकाश ते घर ओलांडलं, पलीकडे जाऊन छत्री पुन्हा उघडली आणि शाळेकडे वळल्या.

एक म्हातारे मताई मोठ्याने म्हणाले, "वायमासी, तुमची बहीण कुठं निघाली?"

"मत द्यायला," मामंजी म्हणाले. "बहिणीला अडवणारा भाऊ आमच्या घराण्यात नाही."

हे बोलून ते खांब सोडून स्वतःच उठले आणि घरी आले. बैठकीने नंतर त्यांना परत बोलावलं, पण त्याला चार महिने आणि दंडाची सहा डुकरं लागली. निकाल थोड्याच मतांनी लागला, पण हो असा.

पुढच्या एप्रिलच्या निवडणुकीला मामंजी स्वतः उभे राहिले. उभं राहायला अजूनही मताईच लागतो. पण मत आता सगळ्यांकडे होतं. आम्ही बायका विणायला बसतो त्या घरी एका दुपारी ते आले आणि चटईवर न येता कडेला जमिनीवरच्या खड्यांवरच बसले. आधी त्यांनी आत्याबाईंना विचारलं, मग ओळीने एकेकीला. मी शेवटी होते. चौदा वर्षं मी त्या माणसाला वाढत होते आणि 'सूनबाई, पाणी' यापलीकडे ते माझ्याशी बोलले नव्हते.

"इलिसा," मामंजी म्हणाले, "तुझं मत मला देशील का?"

मला रडूच यायला लागलं. मी हो म्हणणार एवढ्यात आत्याबाई मान वर न करता म्हणाल्या, "लगेच हो म्हणू नकोस. आधी विचार, काय काय करणार ते."

मग मी विचारलं. पाण्याचा नळ घरापर्यंत कधी येणार, आणि दवाखान्यात नर्स रोज का नसते. मामंजींनी घाम पुसला, आणि माझ्याकडे बघत मला उत्तरं देऊ लागले.