गाळलेलं वाक्य

कात्रीकाका हे नाव स्टुडिओतल्या पोरांनी ठेवलेलं, आणि काकांना ते मनापासून आवडायचं. उमेदीची पंचवीस वर्षं त्यांनी रेडिओवर काढली होती. तेव्हा ध्वनिफीत ब्लेडने कापून चिकटपट्टीने जोडावी लागे. मोठमोठ्यांचे ढेकर आणि शिंका त्यांनी कापून जमिनीवर टाकल्या होत्या. रेडिओने घरी बसवलं तेव्हा या पॉडकास्टवाल्यांनी त्यांना बोलावून घेतलं.

स्टुडिओ म्हणजे बंद पडलेल्या कापडदुकानावरच्या दोन खोल्या. भिंतींना काळा फोम, आणि एकच खिडकी, तीही रस्त्यावरच्या हॉर्नमुळे कायमची लावलेली. आठवड्याला तीन एपिसोड निघत. एक बातम्यांचा, एक राजकारणावरच्या हमरीतुमरीचा आणि तिसरा साध्या माणसांच्या कामाचा. लिफ्ट दुरुस्त करणारा, शवागारातला मदतनीस, अशी माणसं येऊन बोलायची. या तिसऱ्यात काकांचा जीव होता. ते म्हणायचे, "माणूस काय बोलतो ते सगळेच ऐकतात. तो कुठे थांबतो, ते मी ऐकतो."

बायको गेल्यापासून काका जेवायला थोरल्या भावाकडे जात. वहिनी एका खाजगी वृद्धाश्रमात आया होत्या, नऊ वर्षं. तोंडाचा पट्टा सदा चालू. म्हाताऱ्यांच्या अशा नकला करायच्या की काकांना ठसका लागायचा. एक दिवस मात्र त्यांनी मुकाट्याने वाढलं, मुकाट्याने ताटं उचलली. काकांनी खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "बांधतात हो, भावजी. दुपारी माणसं कमी असतात ना, मग चादरीच्या पट्ट्यांनी पलंगाला बांधून ठेवतात. मी सोडायचे. काल मॅनेजर म्हणाला, सोडतेस ना, मग आता तूच बांध, नाहीतर घरी जा. कोपऱ्यातल्या आजोबांना मी बांधलं."

"तू तुझं काम कर," भाऊ म्हणाला. "नसत्या भानगडीत पडू नकोस."

काकांना राहवलं नाही. "वहिनी, आमच्याकडे येऊन बोला. नाव घेणार नाही, आवाज बदलून टाकू. कुणाच्या बापाला कळणार नाही. शब्द देतो."

दोन दिवसांनी वहिनी आल्या. माइकपुढे आधी अवघडून बसल्या, मग घडाघडा बोलल्या. काचेपलीकडून काका ऐकत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "मॅनेजर म्हणाला, तूच बांध. मग मी बांधलं. आजोबा माझ्याकडे बघून म्हणाले, 'तू पण?'" आणि त्या थांबल्या. काकांनी पडद्यावर मोजलं, अकरा सेकंद. एवढ्या वर्षांत असा थांबा त्यांच्या हाताला लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आवाज बदलून पाहिला. घागरीत तोंड घालून कुणी बोलावं तसा झाला. निवेदिका पोरगी वैतागली. "काका, हे ऐकून लोक हसतील. नाव तर घेतलेलंच नाही. नुसत्या आवाजावरून कोण ओळखतंय?"

"मी शब्द दिलाय."

"मग त्यांना विचारा ना."

काकांनी फोन हातात घेतला आणि परत ठेवला. विचारलं तर वहिनी नाही म्हणतील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी विचारलं नाही. खरा आवाज त्यांनाही हवा होता. मनाच्या समाधानासाठी त्यांनी वृद्धाश्रमाची खूण पटेल असं सगळं कापलं. आणि जाता जाता आणखी एक वाक्य कापलं. 'मॅनेजर म्हणाला, तूच बांध.' ते मध्ये अडखळत होतं. आता 'मी बांधलं', लगेच 'तू पण?', आणि मग ती शांतता. काळजाला घरं पडतील असं झालं. ठरल्या पद्धतीप्रमाणे त्यांनी मूळ रेकॉर्डिंग पुसून जागा मोकळी केली आणि स्वतःवर खूश होत घरी गेले.

एपिसोड वणव्यासारखा पसरला. चौथ्या दिवशी मॅनेजरने सगळ्या आया आणि शिपायांना जेवणाच्या खोलीत बोलावून तो मोठ्याने लावला. पहिल्याच वाक्याला सगळ्यांनी माना खाली घातल्या. नऊ वर्षं हा आवाज तिथल्या व्हरांड्यात घुमत होता.

"कोण आहे ही?" मॅनेजरने विचारलं.

"मी," वहिनी म्हणाल्या.

त्यांना त्याच दिवशी काढलं. बातमी बाहेर फुटली आणि आठवड्याने सरकारी चौकशी आली. तोवर पट्ट्या गायब, पलंग चकाचक. मॅनेजर अधिकाऱ्याला म्हणाला, "एक आया बांधायची. आम्हाला कळताच काढून टाकली. तिचा कबुलीजबाब तिच्याच तोंडून ऐका." आणि त्याने तोच एपिसोड लावला. गुन्हा वहिनींवर दाखल झाला.

काका धावत चौकशी कार्यालयात गेले. गाळलेलं वाक्य त्यांनी शब्दन् शब्द सांगितलं.

"मूळ रेकॉर्डिंग आहे?" अधिकाऱ्याने विचारलं.

"पुसलं."

"कुणी?"

"मीच."

"तुम्ही त्या बाईंचे कोण?"

"दीर."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं.

त्या संध्याकाळी काका भावाकडे गेले. भावाने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वहिनी भाजी निवडत होत्या. "भावजी, एकदा मला विचारलं का नाही?"

निवेदिका पोरीवर ढकलता आलं असतं. ते जिभेवरही आलं होतं. पण काका म्हणाले, "तुम्ही नाही म्हणाला असता."

"हो," वहिनी म्हणाल्या. "म्हटलंच असतं." त्या भाजीचं ताट घेऊन आत गेल्या. काका उंबऱ्याजवळ उभे राहिले. कुणी बस म्हटलं नाही तेव्हा जिना उतरले.

खटला दोन वर्षं रेंगाळला. तुरुंग टळला, पण आजारी-म्हाताऱ्यांच्या सेवेत कुठेही काम करायचं नाही असा हुकूम झाला. कोपऱ्यातले आजोबा मधेच कधीतरी वारले. वहिनींना ते तीन महिन्यांनी कळलं, तेही बाजारात, जुन्या आयेकडून. त्यांची ओळख 'ती बांधणारी' एवढीच माहीत असलेली माणसं आता गल्लीतही होती.

काकांनी काम सोडलं नाही. दुसरं येत काय होतं? मात्र साध्या माणसांचा एपिसोड त्यांनी पुन्हा हाती घेतला नाही. राजकारणाची भांडणं कापतात. तिथे कुणाचं काही जात नाही, असं म्हणतात.

वहिनी हल्ली एका लाँड्रीत काउंटरमागे उभ्या असतात. काका दर सोमवारी चार शर्ट घेऊन तिथे जातात. वहिनी शर्ट मोजतात, पावती फाडतात, "गुरुवारी मिळतील" म्हणतात आणि मागच्या गिऱ्हाइकाला हात करून पुढे बोलावतात.