दहा दिवसांचे तज्ज्ञ

सानगडीच्या शाळेतले टेकचंद कापगते गुरुजी तज्ज्ञ झाले ते सासुरवाडीच्या कृपेनं. पंच्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात नागपूरला एक शिबिर निघालं. अभ्यासात मागं पडणाऱ्या मुलांना कसं शिकवावं, असा विषय होता. प्रत्येक शाळेनं एक शिक्षक पाठवायचा होता, पण मे महिन्यात नागपूरला जाऊन भाजून घ्यायला कोण तयार होणार? मुख्याध्यापकांनी सगळ्यांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि नजर टेकचंद गुरुजींवर येऊन थांबली.

"टेकचंदजी, तुमची सासुरवाडी नागपूरलेच ना? मंग झालं तं. जावाई म्हणून दहा दिवस राहून या."

गुरुजी राहून आले. सासूबाई सकाळी आमरस वाढायच्या, जावयानं नको म्हटलं की आणखी एक वाटी ओतायच्या. त्यामुळं दुपारची व्याख्यानं सुरू झाली की गुरुजींची मान आपोआप छातीवर यायची. पुढं कोणी शिबिराचं विचारलं की ते म्हणत, "मी तिथं डोळे मिटून चिंतन केलं जी. कधीकधी चिंतनाचा आवाजही येत होता. बाजूचे गुरुजी कोपर मारत."

तिथून त्यांनी दोन गोष्टी आणल्या. एक खाकी पिशवी, आणि दुसरा 'मंदगती' हा शब्द. तेवढ्यावर गावानं त्यांना तज्ज्ञ करून टाकलं. पोरगं नापास झालं की लोक म्हणायचे, "टेकचंद गुरुजीले दाखव. थो नागपूरले शिकून आला." कोणी दाखवायला आलं की गुरुजी पोराकडं बराच वेळ पाहत, 'हूं' म्हणत आणि पाठांतर वाढवायला सांगत. आपल्याला काही येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण लोक इतक्या आदरानं विचारत, की नाही म्हणणं त्यांना उद्धटपणाचं वाटे.

त्यांच्या तिसरीच्या वर्गात चंद्रकला नावाची मुलगी होती. बाप तेजराम धानाची शेती करणारा, आई गोदावरीबाई चौथी शिकलेली. चंद्रकला बोलायला चुणचुणीत, पण पुस्तक उघडलं की तिचा चेहरा उतरायचा. फळ्यावर 'धर' लिहिलं की ती 'घर' वाचायची. 'भात' लिहायला सांगितला की पाटीवर 'मात' उमटायची. दोन वर्षं एका वर्गात काढूनही तेच. वर्गातल्या पोरींनी तिचं नाव 'ढ' ठेवलं होतं. तेवढं एक अक्षर मात्र ती कधी चुकत नसे.

गोदावरीबाई तिला घेऊन तज्ज्ञाकडं आली. गुरुजी 'हूं' म्हणाले. मग म्हणाले, "लक्ष नाही तिचं. खेळणं बंद करा. एकेक शब्द पाटीभर लिहून घ्या."

गोदावरीबाई साधी बाई. तिनं तसंच केलं. पोरीचं तळ्यावर जाणं बंद झालं, बोरं वेचणं बंद झालं. चंद्रकला पाटीभर 'मात' लिहायची, पुसायची आणि पुन्हा पाटीभर 'मात' लिहायची. महिनाभरात शाळेची वेळ झाली की तिचं पोट दुखायला लागलं. गुरुजींनी त्यावर ओव्याचं पाणी सांगितलं. शिबिरात ते शिकवलं नव्हतं, पण शिबिरात काय शिकवलं होतं हे तरी कुठं त्यांना ठाऊक होतं?

आता गुरुजींना आणखी एक नाद होता, नाटकाचा. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे या धानाच्या मुलखात, गावोगाव मंडईची जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. तरुणपणी गुरुजींनी एकदा शिपायाचं काम केलं होतं. "महाराज, शत्रू चाल करून आला," एवढं एकच वाक्य होतं. ते त्यांनी शत्रू मरून पडल्यावर म्हटलं. मेलेला शत्रू हसला, प्रेक्षक तर लोळलेच. तेव्हापासून मंडळींनी त्यांना पडद्यामागं बसवून वाक्यं पुरवायला हातात पुस्तक दिलं. "माझ्या आईबापानं टेकचंद नाव उगाच नाही ठेवलं," ते म्हणत. "पडद्याला टेकून बसण्यातच माझी कला आहे."

नाटकात राजाचं काम दरसाल तेजरामचं, म्हणजे चंद्रकलेच्या बापाचं. उंचापुरा गडी, आवाज तळ्याच्या पलीकडच्या काठावर पोचेल असा. त्याला वाचता येत नसे. गुरुजी त्याला भाषण वाचून दाखवायचे, दोनदा ऐकलं की त्याचं पाठ. वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि त्यात काही नवल आहे, असं कोणालाच वाटलं नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या मोठ्या खोलीत तालीम सुरू होती. दुपारची वेळ. तेजराम अजून आला नव्हता. शेताच्या बांधीतला कापलेला धान उचलायचा राहिला होता आणि आभाळ भरून आलं होतं. राजाशिवाय दरबार अडला. प्रधान जांभया देत होता. चंद्रकला बापाचं उपरणं घेऊन येऊन बसली होती. ती सहज म्हणाली, "बाबा येईस्तोवर मी म्हनू का जी?"

सगळे हसले. गुरुजी म्हणाले, "म्हण बापा, म्हण."

आणि पोरीनं सुरुवात केली. प्रधानाचं वाक्य संपलं की राजाचं वाक्य हजर. मोठं भाषण आलं, ते तिनं बापाच्याच थाटात, उपरणं खांद्यावर टाकून म्हटलं. मध्ये प्रधान अडखळला तर त्याचंही वाक्य तिनंच पुरवलं. गुरुजी पुस्तकात पान शोधत होते. त्यांना ते सापडेपर्यंत ती पुढच्या प्रवेशात पोचली होती.

"हे तुले कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"कोनी नाई जी. तुमी बाबाले वाचून दाखवता, थे मी ऐकतो."

तेवढ्यात तेजराम पायाचा चिखल झाडत आत आला. काय झालं ते प्रधानानं त्याला रंगवून सांगितलं. तेजराम हसला नाही. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "माह्यावर गेली जी ते. मलेबी भ आन म एकाच मायचे जुळे वाटत. कोनता कोनता, समजेच ना. मास्तर छडी मारे. मंग मी शाळा सोडून दिली."

"पण तू तर एवढं पाठ करतोस!"

"तुमी वाचून दाखवता म्हून." तेजराम सरळपणे म्हणाला. "इतले वर्सं झाले गुरुजी, तुमी मले कधी पाटीभर लिहाले नाई लावलं. तिलेच काहून लावलं?"

गुरुजींनी हातातलं पुस्तक मिटलं. पडद्यामागं बसून दहा-बारा वर्षं ते दर तालमीला एक उपाय करत होते आणि पडद्यासमोर येऊन त्याच घरच्या पोरीला ओव्याचं पाणी पाजत होते. घरी येऊन त्यांनी बायकोला, चंद्रभागाबाईंना, हे सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नागपूरले माझ्या मायनं आमरस जरा कमी वाढाले पायजे होता."

सुट्टी संपल्यावर गुरुजींनी चंद्रकलेची पाटी बाजूला ठेवली. धडा ते वाचायचे, ती ऐकायची, उत्तरं तोंडी द्यायची. घरी गोदावरीबाई भाजी चिरता चिरता तिला वाचून दाखवायची. अक्षरांसाठी तळ्याकाठची चिकणमाती आणली. मातीचा 'घ' आणि मातीचा 'ध' करून चंद्रकला डोळे मिटून बोटांनी चाचपायची. खेळणं पुन्हा सुरू झालं आणि पोटदुखी ओव्याशिवाय गेली. मुख्याध्यापक कुरकुरले की तोंडी परीक्षेची चाल शाळेत नाही. गुरुजी म्हणाले, "शिबिरात सांगितलं होतं." खरंच सांगितलं होतं की नाही, देव जाणे, पण झोपलेल्या माणसाला ते खोटं बोलणंही वाटलं नाही. चौथी संपता संपता पोरगी एक पान वाचू लागली. बैलगाडीच्या गतीनं वाचे, पण वाचे.

झालं! आता मात्र गुरुजींच्या डोक्यात हवा गेली. आतापर्यंत ते नुसते नावाचे तज्ज्ञ होते, आता त्यांना स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं. आसपासच्या गावांतून आईबाप पोरं घेऊन येऊ लागले. गुरुजींनी शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर व्हरांड्यात त्यांना बसवायला सुरुवात केली. कोणी गणितात अडलेलं, कोणी बोलताना अडखळणारं, कोणी एका जागी न बसणारं. औषध सगळ्यांना एकच: वाचून दाखवणं. त्यातच विमला होती, सीताबाईची मुलगी. दुसरीत तीन वर्षं बसलेली, गोल चेहऱ्याची, सदा हसतमुख. गुरुजी वाचायचे आणि विमला टक लावून त्यांच्या तोंडाकडं पाहायची. अशी विद्यार्थिनी त्यांना जन्मात मिळाली नव्हती. वर्षभर वाचलं. विमला वर्षभर हसली. उत्तर मात्र आलं नाही.

"हिला वेळ लागेल," गुरुजी सीताबाईला सांगत. "पण ऐकते किती मन लावून!"

एका शनिवारी पाऊस होता म्हणून त्यांनी पोरांना आपल्या घरीच बसवलं. वाचन झालं, चंद्रभागाबाईंनी सगळ्यांना मुरमुरे दिले. विमला चुलीकडं पाठ करून खात बसली होती. चंद्रभागाबाई पाण्यानं भरलेला पितळी गुंड उचलायला गेल्या आणि हात निसटला. गुंड फरशीवर असा आदळला की पोरं ओरडली, शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं, गुरुजींच्या हातातलं पुस्तक पडलं. विमलाचा मुरमुऱ्याचा घास मात्र थांबला नाही. पाणी पायाशी आलं तेव्हाच तिनं वळून पाहिलं.

चंद्रभागाबाईंनी आधी विमलाकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"अजी," त्या हळूच म्हणाल्या, "तुमी वर्षभर कोनाले वाचून दाखवून राहिले? पोरीले ऐकूच येत नाई."

गुरुजी ओल्या फरशीवर तसेच बसले. हसावं की रडावं समजेना. विमलाला त्यांनी वर्षभर लिहायला लावलं असतं तर ती कदाचित शिकली असती. तिला त्यांनी वर्षभर ऐकवलं. एका पोरीचं औषध दुसऱ्या पोरीला, तेही न तपासता!

संध्याकाळी ते सीताबाईच्या घरी गेले. वाटेत त्यांनी शिव्या खायची तयारी केली होती. अडखळत सगळं सांगितलं. सीताबाईनं विमलाला जवळ ओढलं. मग म्हणाली, "मले वाटत होतं जी. गोवर आला होता, तवापासून हाक मारली का पायेच ना. सासू म्हने, हट्टी हाये. मी तुमच्याजवळ बोलनार होतो."

"मग बोलल्या काहून नाही, बाई?"

"तुमी नागपूरले शिकून आलेले. मले वाटलं, तुमाले ठाऊकच असन."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. परतताना गुरुजी वाटेतल्या दगडावर बसले आणि आपल्या खाकी पिशवीकडं पाहत राहिले. आपल्या मोठेपणानं एका आईचं तोंड बंद केलं होतं. मोठेपणा तरी कशाचा? दहा दिवसांच्या झोपेचा.

पुढच्या आठवड्यात ते, सीताबाई आणि विमला साकोलीहून एसटीनं नागपूरला गेले. मोठ्या दवाखान्यात कान तपासले. थोडं ऐकू येत होतं. यंत्र लावलं तर बरंच येईल, असं डॉक्टर म्हणाले. यंत्र मिळायला आणखी चार फेऱ्या झाल्या. ते काड्यापेटीपेक्षा मोठं डबडं होतं, त्यातून वायर निघून कानात जायची. चंद्रभागाबाईंनी ते गळ्यात अडकवायला फुलाफुलांची पिशवी शिवली. पहिल्या दिवशी विमला शनिवारच्या वर्गात आली तेव्हा गुरुजी तिच्यापुढं उभे राहून सवयीनं मोठमोठ्यानं वाचू लागले. तिनं दोन्ही हात कानांवर नेले आणि जडशा जिभेनं म्हणाली, "गुरुजी, तुमी इतले बोंबलता काहून?"

सगळा वर्ग हसला. सगळ्यात जास्त गुरुजी हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

त्यानंतर शनिवारच्या व्हरांड्यात बदल झाला. पोरांबरोबर आईबापांनीही बसायचं, असा नियम केला. नवीन कोणी आलं की गुरुजी आधीच सांगून टाकत, "मले यातलं फार समजत नाही. घरी पोरगं काय करते, काय करत नाही, थे तुमी सांगा." सुरुवातीला बायका लाजत. मग गोदावरीबाई आपली पाटीभर 'मात'ची गोष्ट सांगायची, सीताबाई गोवराची सांगायची, आणि बाकीच्यांची तोंडं सुटायची. कोणाचं पोरगं भित्रं निघे, कोणाचं उपाशी. एका पोराला फक्त फळा दिसत नव्हता. कोणाकोणाचं काहीच कळत नसे. पण 'माझंच पोरगं असं काहून' म्हणत आलेली आई इतर आयांबरोबर बोलत बोलत घरी जाताना थोडी ताठ चालायची.

चंद्रकला दहावीला इंग्रजीत दोनदा आपटली आणि तिसऱ्यांदा निघाली. पुढं ती लग्न होऊन वरठीला गेली आणि तिथं बालवाडी चालवू लागली. पोरांना गोष्टी सांगण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. हजेरी लिहायला मात्र तिला वेळ लागे. विमला सातवीपर्यंत शिकली, शिवणकामात तरबेज झाली.

गुरुजी शहाऐंशी साली निवृत्त झाले, पण शनिवार सुटला नाही. एकदा तुमसरकडचं एक जोडपं मुलीला घेऊन आलं. पोरगी बोलत नव्हती, कोणाकडं पाहत नव्हती, नुसती बोटं हलवत बसली होती. गुरुजींनी पाहिलं, बायकांनी पाहिलं, आईबापाला नाना प्रश्न विचारले. शेवटी गुरुजी म्हणाले, "मले नाही समजलं बापा. खोटं सांगत नाही."

बापाचा चेहरा पडला. "मंग आमी जाव कोठी?"

"नागपूरले. पण एकटे नाही. मी येतो संगं."

ती मंडळी त्या रात्री गुरुजींकडंच राहिली. सकाळी चंद्रभागाबाईंनी सगळ्यांपुरत्या पोळ्या आणि वांग्याची भाजी बांधून दिली, आणि पहिल्या एसटीत गुरुजी त्या पोरीला खिडकीजवळ बसवून तिच्या बाजूला बसले.