तास सुटला नव्हता!

माझ्या बहिणीला पाहायला पाहुण्यांच्या आधी बी.ए.चा अख्खा वर्ग आला होता.

तेव्हा करोनामुळे कॉलेज बंद, शिकवणं मोबाइलवर. मी अमरावतीत अर्थशास्त्राचा प्राध्यापक. तास स्वयंपाकघरात (रेंज फक्त तिथेच!), मोबाइल तुरीच्या डब्याला टेकवलेला. पोरांचे कॅमेरे कायम बंद. त्या सकाळी, "तरुणांनो, शेतीकडे वळा!" असा कळकळीचा शेवट करून मी लाल बटण दाबलं. (दाबलं, असं मला वाटलं.)

"झाला का तास?" पोहे भिजवत आईनं विचारलं. धाकट्या वैशालीला पाहायला भातकुलीहून मुलगा निघाला होता. "पोरगा करते काय?"

"शेती."

"निस्ती शेती?"

"पोहे खाऊ घालू अन् वाटेला लावू," मी म्हणालो. "बोंडअळी आली का कपाशी गेली! शेतीवाल्याले कोण पोरगी देते?"

"अन् फोटोत त्याचं डोकं तं पाह्य! पपईवानी!" आईनं भर घातली.

"सर," डब्याजवळून आवाज आला, "तुमी चालूच आहा!"

मी वळलो आणि गारच पडलो! जन्मात न उघडलेले सगळे कॅमेरे उघडे! सगळी पोरं हसून लोळत होती. एकच मुलगी हसत नव्हती.

"सर, ती पपई म्हंजे माहा दादा हाये."

आईनं घाईघाईत मोबाइलवर पातेलं पालथं घातलं. (पातेल्यानं आवाज बंद होत नाही, हे तिला कोण सांगणार?)

"आता रे? तिनं भावाले फोन केला तं?"

"केला, काकू!" पातेल्याखालून उत्तर आलं.

"काहून केला वं बाई!" आई किंचाळली.

तेवढ्यात दार वाजलं. हातात हेल्मेट घेतलेला एक तरुण आईपुढे वाकला.

"नमस्कार, काकू. मी पपई."

आतल्या खोलीत वैशाली खदाखदा हसली आणि बोलावण्याची वाट न पाहता बाहेर आली.

"शेतीत खरंच काही उरत नाही का?" तिनं थेट विचारलं.

"कोण्या साली उरते, कोण्या साली नाही. खोटं कशाले सांगू?"

"आजवर आलेल्यांत हाच खरं बोलला," ती म्हणाली. लग्न ठरलं!

पुढे कॉलेज उघडलं. समोर बसलेली जिवंत पोरं पाहून मला भरून आलं.

"सांगा," मी म्हणालो, "ऑनलाइन बरं होतं, का हे समोरासमोर?"

मग मागच्या बाकावरून आवाज आला,

"शिकवनं तं दोन्हीकडं सारखंच हाये, सर. पन तिकडं आई होत्या!"