भोकं पडलेली पानं

मुळ्याची जुडी हातात आली की मी अजूनही आधी पान उजेडाकडे धरते. भोकं आहेत ना, ते बघायला. ही खोड माझ्या थोरल्या बहिणीची. आम्ही तिला बाय म्हणायचो. पेडण्याच्या बाजारात पोत्यावर मुळा, तांबडी भाजी मांडून ती बसायची. पानाची चाळण झालीय म्हणून कुणी नाक मुरडलं की ती त्यालाच विचारायची, "ईख मारलेला पान किडो खायत काय? तो तुमच्यापेक्षा शाणो."

मोपाच्या विमानतळावर कामाला जाणारे गाडी थांबवून तिच्याकडची भाजी न्यायचे, ते या भोकांसाठीच. ईख म्हणजे विष, फवारणीचं औषध; घाटावरून येणाऱ्या गुळगुळीत भाजीवर तिचा भारी राग. आपल्या वाफ्यांवर तिने जन्मात कधी औषध मारलं नाही. भात कापून झालं की त्याच शेतात वाफे घालायचे, विहिरीचं पाणी द्यायचं, आणि अळ्या-भुंगेरे फारच माजले तर शेणाचं पाणी. बादलीत शेण कालवायचं, जुनी केरसुणी त्यात बुडवायची आणि पानांवर शिंपडत जायचं. आमच्या आईची रीत. किडे त्याने फारसे जायचे नाहीत, पण आई करायची म्हणून बाय करायची.

मग बायला रक्ताचा आजार निघाला. उपचार सुरू झाले तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, सगळं शिजवूनच द्या, कच्चं काही नको. भावोजी खाली औषधं आणायला गेले होते. ते ऐकलं मी एकटीने. आणि मला वाटलं, कच्चं नको म्हणजे बाजारातलं, फवारलेलं नको. आपल्या वाफ्यातलं कशाला वाईट असेल? माझ्यासारख्या दीडशहाणीला कोण सांगणार! भावोजींना मी ते सांगितलंसुद्धा नाही.

उपचारांच्या तिसऱ्या खेपेनंतर बायच्या तोंडाची चव गेली. महिनाभर पेज आणि मऊ भात. वाटी पुढे केली की ती भिंतीकडे तोंड फिरवायची. मी चिडायचे, तिच्यावर ओरडायचेसुद्धा. त्या ओरडण्याची आता लाज वाटते. एक दिवस दुपारी ती आपणहून म्हणाली, "मुळ्याचो पालो बारीक चिरून, खोबरा घालून दी गो. पेज बघून माका ओकारी येता."

मला एवढा आनंद झाला की मी चप्पलही न घालता तिच्या वाफ्यांकडे धावले. तिथे मी पानं निवडली. निवडलीच म्हणते, कारण चांगली धड पानं बाजूला सारून मी भोकांची तेवढी खुडली. तिनेच शिकवलं होतं. घरी येऊन तीन पाण्यांनी धुतली, एकदा मिठाच्या पाण्यातही ठेवली. हिरवी मिरची, ओलं खोबरं, लिंबू घालून कच्चीच कालवली. बायने दोनदा भात मागून घेतला आणि शेवटी बोटं चाटली. भावोजी दारात उभे राहून बघत होते. मी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं काही लढाई जिंकून आले.

तिसऱ्या दिवशी तिला हुडहुडी भरली. इस्पितळात नेलं तर रक्तात जंतू सापडले. आठवडाही निघाला नाही. जंतू कुठून आले असतील, असं मी विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, अशा अवस्थेत कुठूनही येतात. ते 'कुठूनही' मी घट्ट धरून बसले.

पुढच्या हिवाळ्यात गावच्या सभागृहात बायकांसाठी भाजीपाल्याचं प्रशिक्षण झालं. शिकवायला आलेली मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. तिने भुंगेऱ्याने खाल्लेलं एक पान वर धरलं आणि म्हणाली, भोक म्हणजे पानाची जखम. तिथून रस पाझरतो. शेणातले, घाण पाण्यातले वाईट जंतू त्या रसावर वाढतात आणि जखमेतून पानाच्या आत शिरतात. प्रत्येक किडीचं सारखंच होतं असं नाही, काही वेळा कीड लागल्यावर पान स्वतःच जंतूंना अडवतं. पण डोळ्यांना ते कळत नाही, म्हणून खाल्लेलं पान कच्चं खाऊ नये, आणि पानांवर शेण तर मुळीच शिंपडू नये.

"धुतलं तर?" मी विचारलं.

आत गेलेलं धुऊन निघत नाही, ती म्हणाली.

"मिठाच्या पाण्यात ठेवलं तर?"

तरीही नाही. मी परत तेच विचारलं तेव्हा बायका माझ्याकडे बघायला लागल्या. घरी येऊन मी न्हाणीघरात कडी लावून रडले.

त्या पाल्यानेच ती गेली का, हे मला कधीच कळणार नाही. पण कच्चं नको हे मी ऐकलं होतं आणि मी दिलं, एवढं मला कळतं.

आता वाफे भावोजी करतात. बायच्याच जागेवर, त्याच पोत्यावर बसतात आणि गिऱ्हाइकांना तिचंच वाक्य ऐकवतात. गेल्या आठवड्यात मी समोर दिसले तसे हाक मारून त्यांनी एक जुडी हातात दिली. भोकांची पानं मुद्दाम वर काढलेली.

"भावोजी," मी म्हटलं, "शेणाचा पाणी पानांर मारू नकात. आणि लोकांका सांगा, शिजवून खावा म्हणून."

"कित्याक? तिचीच रीत ती."

सांगायचं ते ओठांवर आलं होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "सगळ्यात शेवटी ती पोटभर जेवली ती तुझ्या हातचा. तेवढ्यावर मी दिवस काढतंय गो."

मी जुडी पिशवीत घातली. माझ्या मागे एक बाई लहान लेकराला घेऊन उभी होती. तिने पान उजेडाकडे धरलं, भोकं बघितली, आणि दोन जुड्या मागितल्या.