उलटी प्लेट

शुभदा मॅडम कामाचं बोलायला लागल्या की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं : "मला ओ की ठो कळत नाही, असं समजून सांगा." डॉक्टरेट केलेली बाई नववीत शाळा सोडलेल्या माणसाला असं म्हणते, तेव्हा मला आधी ती थट्टाच वाटली होती.

मी हर्णैला फायबरच्या होड्या बांधायचो. त्याच हातांच्या जोरावर वर्क परमिट मिळालं आणि सिंगापूरला आलो. उपग्रहातल्या यंत्रांना किरणांपासून वाचवणाऱ्या प्लेटा आम्ही वर्कशॉपमध्ये थरावर थर चढवून करायचो. मॅडम पुण्याच्या, राहायला सिंगापूरच्याच पुंगोल भागात. वरच्या मजल्यावर त्या तीच प्लेट कॉम्प्युटरमध्ये रचायच्या, तिच्यावर लाखो इलेक्ट्रॉन सोडायच्या आणि कुठला कुठे अडकतो, कुठे क्ष-किरण उठवतो, ते बघायच्या. "कॉम्प्युटर विचारलं तेवढंच सांगतो, उरलेलं माणसाला विचारावं लागतं," म्हणायच्या. म्हणून दुपारी डबा घेऊन खाली यायच्या आणि मला भाजी वाढता वाढता रेझिनबद्दल म्हणजे थर एकमेकांना चिकटवणाऱ्या रसायनाबद्दल खोदून खोदून विचारायच्या.

एका प्लेटची खरी चाचणी झाली आणि आकडे जुळेनात. मॅडमनी सांगितलं होतं त्याच्या कितीतरी पट किरण पलीकडे पोचत होते. "युअर कॉम्प्युटर टू हॅपी लाह," आमचे मोठे साहेब लिम सगळ्यांसमोर म्हणाले, म्हणजे कॉम्प्युटर सगळं चांगलंच दाखवतो. शुक्रवारच्या मीटिंगनंतर मॅडमचं हे कॉम्प्युटरवरचं सिम्युलेशन बंद, असं त्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं.

त्या दुपारी मॅडमनी डबा उघडलाच नाही. थरांची यादी घेऊन नुसत्या बसल्या. मीही ती पुन्हा वाचली आणि माझी चूक दिसली. होडीचा पहिला थर साच्याला लागतो, तोच बाहेरचा. त्या सवयीनं मी यादीतला पहिला थर आधी घातला आणि त्याच बाजूला 'बाहेर' अशी खूण केली. मॅडमची यादी मात्र आतून, यंत्राच्या बाजूनं सुरू होत होती. आत हवा असलेला जड धातूचा पत्रा बाहेर गेला होता, म्हणून इलेक्ट्रॉन थेट त्याच्यावर आदळून जास्तच क्ष-किरण उठवत होते.

गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. सांगितलं तर परमिट जाईल, गावी दोन पोरींच्या शाळेचं काय, हेच डोक्यात. पण बाईंचं वर्षभराचं काम माझ्या हातानं बुडत होतं. सांगून टाकलं.

त्या रागावल्या नाहीत. मला वर नेलं, कॉम्प्युटरमधली प्लेट उलटी केली आणि गणित पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशी आलेखात त्यांची रेघ चाचणीच्या रेघेवर अशी बसली, की वेगळी दिसेना. कॉम्प्युटर खरं तेच सांगत होता.

शुक्रवारी त्यांनी मला शेजारी उभं केलं. लिम साहेबांना म्हणाल्या, बाहेरची बाजू कोणती हे मी यादीत लिहिलंच नव्हतं, चूक माझी. सापडली ती यांच्यामुळे. साहेबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. काम चालू राहिलं, मीही राहिलो.

आता मॅडम पुण्याला परतल्या. जाण्यापूर्वी त्यांनी अहवालात घालायला माझं पूर्ण नाव मागितलं. मी म्हटलं, "नको मॅडम, एवढ्या डॉक्टरांत नववीवाला कशाला?"

"दत्ताराम, इथे शिक्षणाचा रकानाच नाहीये," त्या म्हणाल्या. "कुणी काय केलं, तेवढंच लिहायचंय. वडिलांचं नाव सांगा."